आधी सुट्टीचा तक्ता, मग कॅरमचा बोर्ड

पत्र: "मी मराठवाड्यातल्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याची प्रभारी अधिकारी आहे, हुद्दा सहायक पोलीस निरीक्षक. प्रत्यक्ष हजर मनुष्यबळ ३८, त्यात ७ महिला अंमलदार. ठाण्याच्या मागे १४ बाय २० फुटांची एक खोली रिकामी आहे आणि वरिष्ठांनी कल्याण निधीतून करमणूक कक्षासाठी थोडी रक्कम मंजूर केली आहे. मी यादी केली: मोठा टीव्ही, ट्रेडमिल, टेबल टेनिस, कॅरम. गावातले एक व्यापारी एसी द्यायला तयार आहेत. मागच्या पटांगणात व्हॉलीबॉलही होईल, पण तिथे मुद्देमालाच्या, म्हणजे गुन्ह्यांत जप्त केलेल्या, गाड्या पडल्या आहेत. हे सगळं दरबारात, म्हणजे ठाण्यातल्या सगळ्यांच्या बैठकीत, सांगितलं तेव्हा एक जुने हवालदार म्हणाले, 'मॅडम, टीव्ही कसला लावता, पोराचं तोंड उजेडी बघायला मिळालं तरी पुष्कळ झालं.' सगळे हसले, मला मात्र ते लागलं. सुरुवात कुठून करू? आणि उद्घाटनाला एसपी साहेबांना कधी बोलवू?"

मॅडम, नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या हवालदारांनी दरबारातच दिलं आहे. खोली कराच, पण तिचा नंबर दुसरा. चौदा तास उभं राहून आलेला माणूस कॅरम खेळत नाही. तो बूट काढतो, मोबाईल बघतो आणि घरी जायची वाट बघतो. अशा ठाण्यात करमणूक कक्ष दोन महिने गजबजतो आणि मग ओस पडतो. पोलीस ठाण्यात ओस पडलेल्या खोलीचं काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आधी एका कोपऱ्यात विहिरीवरची चोरीची मोटार येते, "दोन दिवसांसाठी". मग सील केलेले दारूचे कॅन येतात, मग गुटख्याची पोती, आणि कॅरमचा बोर्ड भिंतीला टेकून त्यांच्यामागे जातो.

म्हणून आधी वहीत आकडेमोड करा. चोवीस तास चालणारं एक ठिकाण आठ-आठ तासांच्या पाळीने चालवायचं तर दिवसाला ३ पाळ्या, वर्षाला १,०९५. एक अंमलदार वर्षात किती दिवस कामाला मिळतो? ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, २० किरकोळ रजा आणि ३० अर्जित रजा वजा केल्या की उरतात २६३. १,०९५ भागिले २६३ म्हणजे ४.१६. एका जागेला चार माणसं लागतात आणि वर थोडी. बारा तासांची ड्युटी लावली तर हाच आकडा २.७८ येतो. बारा तासांचा मोह का सुटत नाही ते या दोन आकड्यांत दिसतं.

आता तुमच्या ठाण्याचं बघू. चोवीस तास भरावीच लागणारी ठिकाणं साधारण चार धरा: ठाणे अंमलदार, त्यांचा सीसीटीएनएसवरचा (गुन्हे नोंदीच्या संगणक प्रणालीवरचा) मदतनीस, आणि ११२ च्या गाडीवर दोघं. चार गुणिले ४.१६ म्हणजे सतरा माणसं. ३८ मधून १७ गेले, बीट (नेमून दिलेल्या गावांचा पट्टा), तपास, कोर्ट, गोपनीय आणि समन्स-वॉरंटला २१ उरले. लॉकअपमध्ये आरोपी असेल त्या दिवशी गार्ड याच २१ मधून. ओढाताण आहे, पण जमणारी आहे. बारा तासांच्या ड्युटीत हेच काम अकरा-बारा जणांत भागतं. म्हणजे आठ तासांसाठी तुम्हाला पाच-सहा माणसं जास्तीची शोधायची आहेत.

ती बहुतेक वेळा ठाण्यातच सापडतात. कागदावर तुमच्याकडे आणि प्रत्यक्षात दुसऱ्या कार्यालयाला संलग्न अशी किती नावं आहेत ते काढा आणि लेखी परत मागा. सगळी येणार नाहीत, एकदोन येतील. समन्स-वॉरंटसाठी एकाच गावाला आठवड्यात तीन जण तीन वेळा जातात, ते थांबवा. गावाप्रमाणे गठ्ठे करा आणि त्या बीटच्या अंमलदाराच्या ठरलेल्या दिवशी द्या. कोर्टातही तसंच, साक्षीची तारीख असलेला माणूस आदल्या रात्री नाईटला नको. ड्युट्या लावणाऱ्या हजेरी मेजरच्या टेबलावर पुढच्या महिन्याच्या तारखांचं एक साधं कॅलेंडर टांगलं तरी यातले निम्मे घोळ मिटतात.

आठ तास आधी की साप्ताहिक सुट्टी आधी, असा पेच पडेल. आमचं मत स्पष्ट आहे: सुट्टी आधी. आठ तासांची पद्धत आपल्याकडे नवी नाही, मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये तिचा प्रयोग झाला आणि महिला अंमलदारांसाठी राज्यभर आठ तासांचे आदेशही निघाले. तुमच्या सात जणींना तो लाभ मिळतोय का, हे पहिल्याच आठवड्यात तपासा. बाकीच्यांच्या बाबतीत रोजचे काही तास वाचवण्यापेक्षा आठवड्यातला एक पूर्ण, ठरलेला, न हलणारा दिवस घरच्यांना जास्त कळतो.

तो दिवस असा बसवा. बाजाराचा दिवस सोडून उरलेल्या सहा वारांना प्रत्येकी ६ जण, म्हणजे ३६. उरलेले दोघं बाजाराच्या दिवशी, ज्यांचं काम कार्यालयातलं आहे असे. पतीपत्नी दोघंही पोलीस दलात असतील तर दोघांचा वार एकच, मग दुसरा जोडीदार शेजारच्या ठाण्यात का असेना, तिथल्या प्रभारींना फोन करून जुळवून घ्या. सहा गटांचे वार दर दोन महिन्यांनी बदला, म्हणजे वर्षभरात प्रत्येक गटाला दोन महिने रविवार मिळतो. बदलताना वार मागे सरकवा, पुढे नाही. सोमवारचा गट रविवारवर आला तर दोन सुट्ट्यांमध्ये सहाच दिवस जातात, मंगळवारवर गेला तर आठ.

तक्ता मोठ्या अक्षरात छापून हजेरीच्या ठिकाणी लावा आणि घरी दाखवायला प्रत्येकाला त्याचा फोटो काढू द्या. सुट्टी रद्द करायची वेळ येणारच, बंदोबस्त सांगून येत नाही. पण रद्द करणं सोपं ठेवू नका. फोनवर "उद्या या" एवढ्यावर सुट्टी गेली असं होऊ देऊ नका. स्टेशन डायरीला कारणासह नोंद, आणि 'बाकी सुट्टी' अशी एक वेगळी वही ज्यात नाव, रद्द झालेली तारीख, बदली तारीख आणि अंमलदाराची सही. बदली सुट्टी दहा दिवसांच्या आत. आपापसात अदलाबदल केली तर हजेरी मेजरची सही पुरे, तुमच्यापर्यंत यायची गरज नाही.

एक चूक जवळपास सगळीकडे होते. रविवारी रात्री नाईटला गेलेला माणूस सोमवारी सकाळी उतरतो आणि सोमवार त्याची साप्ताहिक म्हणून लागते. तो दिवस झोपेत जातो आणि संध्याकाळी चिडचिडीत. नाईट उतरल्याचा दिवस सुट्टी म्हणून धरू नका, सुट्टी त्याच्या दुसऱ्या दिवशी. एवढं एक केलंत तरी तक्त्यावर लोकांचा विश्वास बसेल.

पाळ्यांच्या वेळा ठरवताना घड्याळाबरोबर एसटीही बघा. ८, ४ आणि १२ हे कागदावर छान दिसतं, पण रात्री बाराला सुटलेला अंमलदार तालुक्याच्या गावी जाणार कसा? सकाळी ७ ते दुपारी ३, ३ ते रात्री १० आणि १० ते सकाळी ७ अशी मांडणी ग्रामीण ठाण्याला बरी पडते. रात्रीची पाळी नऊ तासांची होते, त्यात आळीपाळीने थोडी पाठ टेकायची सोय खोलीत करायची आहे, ते पुढे सांगतो. पाळी बदलायची ती सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने. उलटा क्रम लावलात तर रात्री दहाला सुटलेला माणूस सकाळी सातला परत हजर, मध्ये नऊ तास आणि त्यात जाणं-येणं. झोप पाच तासांवर येते. दोन पाळ्यांमध्ये ११ तासांपेक्षा कमी अंतर पडता कामा नये, आणि सलग तीनपेक्षा जास्त नाईट शक्यतो नको.

आता खोली. १४ बाय २० फुटांत झोपणं आणि खेळणं दोन्ही बसतं, पण एकत्र नाही. मध्ये प्लायचं किंवा विटांचं पार्टिशन घाला: ८ बाय १४ चा भाग आरामासाठी, १२ बाय १४ चा खेळण्या-वाचण्यासाठी. आरामाच्या भागात ६ बाय ३ फुटांचे तीन पलंग दीड-दीड फुटाचं अंतर ठेवून १४ फुटांच्या भिंतीला लागून बसतात आणि पायथ्याशी दोन फुटांची वाट उरते. मंजूर रकमेतले निम्मे पैसे इथेच घाला. चांगल्या गाद्या, धुता येणारी कव्हरं, जाड गडद पडदे, मच्छरांची जाळी, कमी आवाजाचा पंखा, दाराला आतून कडी. चादर आणि उशीचा अभ्रा ज्याचा त्याचा. सामायिक चादर तिसऱ्या दिवशी कुणाची असते आणि ती धुवायची कुणी, यावरून अशा खोल्या बंद पडलेल्या आहेत. दर पलंगामागे एक हूक आणि पिशवी, एवढ्याने प्रश्न सुटतो.

आरामाच्या खोलीत शस्त्र न्यायचं नाही. आधी शस्त्रागारात जमा, मग झोप. हा नियम दारावर लिहा आणि कुणासाठीही मोडू नका. दमलेल्या माणसाच्या उशाशी भरलेलं पिस्तूल ही अपघाताची तयारी असते, आणि कधी अपघातापेक्षा वाईट गोष्टीची.

महिला अंमलदारांना याच खोलीत वेळा वाटून देऊ नका. त्यांना लहान का होईना, वेगळी खोली लागते: आतून बंद होणारं दार, आरसा, कपाट, झाकणाची कचरापेटी, जवळ पाणी असलेलं स्वच्छतागृह, आणि दाराच्या वर काच असेल तर तिला रंग. सात जणींना बसवून काय हवं ते विचारा. यादी छोटीच असेल, पण तुम्ही केलेल्या यादीपेक्षा वेगळी असेल.

टेबल टेनिस काढून टाका. टेबल ९ बाय ५ फुटांचं, दोन्ही टोकांना खेळाडूला मागे सरकायला किमान पाच-सहा फूट हवेत, म्हणजे अख्खी खोली गेली. ट्रेडमिलही नको. ग्रामीण भागातल्या कमी-जास्त दाबाच्या विजेने आधी तिचं कंट्रोल कार्ड जातं. पट्ट्याला ठरावीक काळाने सिलिकॉन तेल लागतं ते कुणी घालत नाही, मोटारीवर ताण येतो, आणि दुरुस्तीला माणूस जिल्ह्याहून यायला हवा. त्याऐवजी २.५, ५, ७.५ आणि १० किलोच्या डंबेल्सच्या जोड्या, भिंतीत पक्का बसवलेला पुलअप बार, चार जाड मॅट आणि दोन दोरीउड्यांच्या दोऱ्या. यांना वीज लागत नाही, दुरुस्तीही नाही.

टीव्हीबद्दल आमचा आग्रह आहे, घेऊ नका. ज्याला बघायचं त्याच्या खिशात मोबाईल आहे. ठाण्यातल्या टीव्हीवर दिवसभर बातम्या लागतात, आणि जो खून पाहून माणूस नुकताच आलाय तोच पुन्हा आठ खिडक्यांत दिसतो. आवाजावरून भांडणं वेगळी, आणि भिंतीपलीकडे नाईटचा माणूस झोपलेला असतो.

कॅरम मात्र जरूर घ्या, चांगलाच घ्या. स्पर्धेचा बोर्ड आतून ७४ सेंटिमीटर चौरस असतो. प्लाय किमान ८ मिलिमीटरचा, जमलं तर १२. पातळ बोर्डावर स्ट्रायकर उड्या मारतो आणि महिनाभरात मधोमध खोलगटपणा येतो. स्टँड घ्या, उंची ६३ ते ७० सेंटिमीटर. खाली बसून खेळणं चाळिशीतल्या गुडघ्यांना झेपत नाही. स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंतचा, सोंगट्यांचे दोन संच, बोरिक पावडर थोडीच. ओल्या फडक्याने बोर्ड पुसायचा नाही, प्लाय फुगतो. बोर्डाच्या वर तीन फुटांवर एक एलईडी दिवा, म्हणजे सावली पडत नाही. माणसं चारी बाजूंनी बसणार, तेव्हा ९ बाय ९ फूट जागा मोकळी सोडा. उरलेल्या पट्टीत एक टेबल, दिवा आणि चार खुर्च्या ठेवा. खात्यांतर्गत पीएसआय परीक्षेचा अभ्यास करणारे दोघं-तिघं तुमच्याकडे असतीलच. त्यांना घरात जागा नसते, त्यांना हे टेबल कॅरमपेक्षा प्यारं होईल. बाजूला बुद्धिबळाचा पट, रोजची दोन वर्तमानपत्रं आणि दिवाळी अंक.

पत्ते ठेवू नका, बिनपैशांचेही नाहीत. आपण जुगाराच्या केसेस करतो, आणि ठाण्यात पत्ते खेळणाऱ्यांचा एक फोटो बाहेर गेला की खुलासे करता करता खोलीला कुलूप लागेल.

कुलपावरून आठवलं. किल्ली एकाच माणसाकडे नको. ती ठाणे अंमलदाराच्या टेबलामागच्या खिळ्यावर राहील आणि पाळी बदलताना बाकी वस्तूंबरोबर चार्जमध्ये जाईल. आणि खोली उघडायच्या आधी तुमच्या सहीचा लेखी आदेश काढा: या खोलीत एक दिवसासाठीही मुद्देमाल ठेवला जाणार नाही. एक प्रत दाराला, एक मुद्देमाल कारकुनाकडे.

व्यापाऱ्यांचा एसी आजच नाकारा, तोही गोड शब्दांत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये भेटवस्तू आणि वर्गणी दोन्हींवर बंधनं आहेत, पण नियम बाजूला ठेवले तरी विचार करा. उद्या त्यांच्या भावाविरुद्ध अर्ज आला, तर अर्जदार ज्या बाकावर बसेल तिथून तो एसी दिसेल. तो अर्जदार तुमच्यावर विश्वास कसा ठेवणार? कुणाला खरंच द्यायचं असेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयाला लेखी प्रस्ताव द्यावा, निर्णय तिथे होईल. ठाण्यात थेट काही घ्यायचं नाही, पाण्याचा जारसुद्धा नाही. मंजूर रकमेची खरेदीही निधीच्या नियमाने, दरपत्रकं, बिलं आणि साठा नोंदवहीत नोंद. कॅरमच्या सोंगट्यांचीही नोंद.

पटांगणाचं काम मोठं आहे, पण त्याचा फायदा दुहेरी. नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ प्रमाणे मालमत्ता न्यायालयासमोर आल्यावर १४ दिवसांत तिचं वर्णनपत्र होतं, फोटो आणि चित्रीकरण होतं, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश व्हायला हवा. म्हणजे निकाल लागेपर्यंत गाडी गंजत ठेवायची गरज नाही, फोटो पुराव्यात चालतात. एका अंमलदाराला फक्त हेच काम महिनाभर द्या. त्याने प्रत्येक गाडीचा गुन्हा क्रमांक, चेसिस क्रमांक आणि कोर्टातली स्थिती लिहून काढायची, मालक सापडलेल्या गाड्यांच्या परताव्याचे अर्ज करवायचे, बेवारसांची प्रक्रिया महाराष्ट्र पोलीस अधिनियमाप्रमाणे सुरू करायची. चेसिस क्रमांक गंजात दिसत नाही म्हणून काम अडतं, तेव्हा तारेचा ब्रश आणि रॉकेलचा बोळा जवळ ठेवायला सांगा.

गाड्या हलल्यावर लगेच नेट बांधू नका. त्या जमिनीत काचांचे तुकडे, खिळे आणि ऑइल मुरलेलं असतं. वरची तीन इंच माती खरवडून काढा, मग मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवा. मैदान १८ बाय ९ मीटर, भोवती मोकळी जागा तीन मीटर, जागाच नसेल तर दोन. मधून दोन्ही बाजूंना दर मीटरला ५ मिलिमीटर उतार ठेवा, नाहीतर पावसाळ्यात तळं होईल. खांब बाजूच्या रेषेपासून किमान अर्धा मीटर बाहेर, जमिनीवर २.५५ मीटर, जमिनीत दोन फूट काँक्रीटमध्ये. नेटची उंची पुरुषांसाठी २.४३, महिलांसाठी २.२४ मीटर, तेव्हा खांबांना दोन्ही उंचीचे हूक लावून घ्या. रेषांना कळीचा चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर भाजतं. खडूची भुकटी किंवा पांढरी रांगोळी बरी. चेंडूत सायकलच्या पंपाने दगडासारखी हवा भरली की मनगटं सुजतात आणि शिवण उसवते. अंगठ्याने दाबल्यावर किंचित आत जाईल एवढीच भरा.

खेळण्याची वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. आधी दहा मिनिटं अंग मोकळं करायचं, हे पंचेचाळिशीच्या हवालदारांना बजावा. वर्षानुवर्षं न खेळलेला माणूस पहिल्याच दिवशी स्मॅशला उडी मारतो आणि पोटरी धरून बसतो. त्यांच्यासाठी त्याच मैदानावर रिंग टेनिस, म्हणजे नेटवरून रबरी कडं फेकायचा खेळ, ठेवा. आपल्या दलाला खेळाची मोठी परंपरा आहे. १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ जिंकणारे खाशाबा जाधव १९५५ मध्ये मुंबई पोलिसांतच उपनिरीक्षक म्हणून आले होते. जिल्हा आणि परिक्षेत्राच्या स्पर्धेत खेळणारी मुलं तुमच्याकडे असतील तर त्यांना सरावाला सोडा. पण संध्याकाळचा हा तास त्यांच्या ताब्यात जाऊ देऊ नका. चांगलं खेळणाऱ्या सहा जणांनी मैदान धरलं की बाकीचे बत्तीस कडेला उभे राहतात आणि आठवड्याने येईनासे होतात.

तुम्ही बंदोबस्ताबद्दल विचारलं नाहीत, पण माणूस सर्वात जास्त मोडतो तो तिथेच. गणपती असोत, जत्रा असो की वारीला गेलेली तुकडी असो, बंदोबस्त स्कीममध्ये पॉइंटच्या, म्हणजे उभं राहायच्या जागेच्या, नावापुढे तीन रकाने वाढवा: जवळचं स्वच्छतागृह कुठलं, जेवण कुणी किती वाजता पोहोचवायचं, आणि बदली माणूस कोण. स्वच्छतागृहासाठी शाळा किंवा ग्रामपंचायतीची इमारत आदल्या दिवशीच उघडून घ्या, किल्ली कुणाकडे तेही लिहा. महिला अंमलदार लघवीला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. उन्हात चक्कर येण्याचं आणि मूत्रमार्गाच्या त्रासाचं हे मोठं कारण आहे. दोघांच्या पॉइंटवर एक घडीचं स्टूल द्या, वीस-वीस मिनिटं आळीपाळीने बसू द्या. उन्हाळ्यात दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, आणि ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात नाही. जेवणाचं पाकीट गरम असताना बंद केलं की वाफेने भाजी दुपारपर्यंत आंबते. निवू देऊन भरा. रस्सा नको. धपाटे किंवा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची सुकी भाजी, केळं आणि गूळ-फुटाणे हे संध्याकाळपर्यंत टिकतं आणि उभ्याने खाता येतं.

तब्येतीसाठी दंडावर बांधायचं एक डिजिटल बीपी यंत्र घ्या, आणि जाड दंडासाठी मोठा पट्टा वेगळा. लहान पट्टा बांधला तर बीपी उगाच जास्त दिसतं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, दोनदा मोजायचं. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्यावर आलं तर डॉक्टरांकडे, १८०/१२० च्या वर गेलं आणि छातीत किंवा डोक्यात दुखत असेल तर त्याच गाडीतून दवाखान्यात. कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि महिलांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. या नोंदी ज्याच्या त्याच्या कार्डावर राहू द्या, भिंतीवर यादी लावू नका. चाळिशीच्या पुढच्यांची शासकीय खर्चातली तपासणी राहिली असेल तर ती लावून द्या, आणि पोलीस कुटुंब आरोग्य योजनेत घरच्यांची नावं बरोबर आहेत का ते बघायला सांगा. नवीन लग्न, नवीन बाळ, नावातली चूक, हे सगळं लक्षात येतं ते रुग्णालयाच्या काउंटरवर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

मनाचं दुखणं याहून नाजूक. बोलका माणूस गप्प झाला, रजेचा अर्ज वारंवार करतो आणि कारण सांगत नाही, दारू वाढली, उधारी वाढली, आपल्या वस्तू इतरांना देऊ लागला, तर त्याला चारचौघांत विचारू नका. एकट्याला चहाला बसवा आणि सरळ विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. शस्त्राची ड्युटी गाजावाजा न करता बदला आणि रजा त्याच दिवशी द्या. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो खोलीच्या दारामागे लिहा, आतल्या बाजूने, म्हणजे टिपून घेताना कुणी बघत नाही.

हे सगळं एकट्या प्रभारीच्या जोरावर चाललं तर तुमच्या बदलीबरोबर संपेल. १९६६ च्या कायद्यामुळे पोलिसांना कामगारांसारखी संघटना करता येत नाही. म्हणून दरबार आणि ठाण्याची छोटी कल्याण समिती हाच त्यांचा हक्काचा दरवाजा. पाच जण पुरेत: एक शिपाई, एक हवालदार, एक सहायक फौजदार, एक चालक आणि एक महिला अंमलदार. नावं त्यांनीच ठरवायची. महिन्यातून अर्धा तास, तुम्ही पहिली दहा मिनिटं बसा आणि उठून जा. ठरावाची वही ठेवा, प्रत्येक मागणीपुढे 'झालं', 'वरिष्ठांकडे पाठवलं' किंवा 'होणार नाही, कारण हे' यापैकी एक लिहा. 'होणार नाही' लिहिलं तर माणसं समजून घेतात, पण उत्तरच आलं नाही की पुढच्या दरबारात कुणी तोंड उघडत नाही.

उद्घाटनाची घाई करू नका. तक्ता दोन महिने चालवा, 'बाकी सुट्टी'ची वही भरू द्या, मग एसपी साहेबांना बोलवा आणि फीत कापण्याआधी ती वही त्यांच्या हातात द्या. किती सुट्ट्या रद्द झाल्या, किती परत मिळाल्या आणि संलग्न माणसं परत आली तर किती रद्द झाल्या नसत्या, हे त्यांना एका पानात दिसेल. पुढची मागणी करायला तुम्हाला यापेक्षा चांगला कागद मिळणार नाही.

आणि त्या हवालदारांचं नाव पहिल्या दोन महिन्यांच्या रविवारच्या गटात घाला. मुलाची शाळा रविवारीच बंद असते.